देवांची रोजची बदली

भानुमतीबाईंच्या घरावरून वादळ गेलं त्याला वीस दिवस झाले, आणि या वीस दिवसांत त्यांनी पुण्याच्या मुलाला एकदाही खरं सांगितलं नाही. बाई एरवी खोटं बोलण्यात अगदी कच्च्या, पण गरज पडली की माणूस काय काय शिकतं!

वैशाखातली दुपार, चारचा सुमार. झाशीच्या दतिया गेटच्या बाजूने मोठ्या वावटळीसारखा बवंडर उठला आणि पाच-सात मिनिटांत गल्लीतून निघून गेला. एका बाजूच्या घरांना त्याने हात लावला नाही, दुसऱ्या बाजूची छपरं सोलून नेली. भानुमतीबाई दुसऱ्या बाजूच्या. त्या तेव्हा पलीकडच्या गल्लीत शारदाबाईंकडे कैऱ्या किसत बसल्या होत्या म्हणून वाचल्या. परतल्या तर माजघरावरचे आणि स्वयंपाकघरावरचे पत्रे गायब. एक पत्रा शाळेच्या कडुनिंबात अडकून लोंबत होता. माजघराच्या दोन भिंती पडल्या, एक झुकली, देवघराची हिरवी भिंत तेवढी शाबूत उभी. पुढच्या खोलीवर दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरश्यांचं छत होतं, त्यामुळे पाठ टेकायला जागा उरली.

हल्के मिस्त्री येऊन पाहून गेला. सगळा मोहल्ला त्याच्या मागे लागलेला, त्यामुळे भाव खात होता. "अबै न हुइए अम्मा," तो म्हणाला, म्हणजे आत्ता काही जमायचं नाही. जाता जाता त्याने विचारलं, "काय अम्मा, लरका खों फोन नईं करो?"

"करूंगी भैया," बाई म्हणाल्या, आणि केला नाही.

कारण साधं होतं. मकरंदला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल, कुलूप लावेल आणि आईला पुण्याला घेऊन जाईल, याची त्यांना खात्री होती. पुण्याला त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. झाशीत सगळे त्यांना मराठिन अम्मा म्हणतात. पुण्याच्या सोसायटीत त्यांनी भाजीवाल्याला "भैया, लौकी ताजी आहे का?" विचारलं, तर दुधीला लौकी म्हटलं म्हणून बायका हसल्या आणि त्या दिवसापासून त्या यूपीवाल्या आजी झाल्या. जन्मभर जी भाषा घरात जपली, तिलाच तिथे कुणी आपलं म्हणेना. त्या रात्री बाई उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या. झाशीत निदान शारदा होती. दोघी मिळून वाटेल तसं मराठी बोलायच्या आणि कुणी हसायचं नाही.

तर रोज संध्याकाळी सातला मकरंदचा व्हिडिओ कॉल यायचा. दिवेलागणीला फोनवरून देवांना नमस्कार करायचा, ही त्या घराची नवी रीत. नात ईशा हात जोडायची, सूनबाई मयुरा मागून डोकावायची. आता देव उघड्यावर कसे ठेवायचे? ऊन, धूळ, वरून माकडं. म्हणून दिवसभर अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक पुढच्या खोलीत ट्रंकेवर. साडेसहा वाजले की बाई विटांच्या ढिगातून वाट काढत त्यांना एकेक करून हिरव्या भिंतीशी नेत, चौरंग मांडत, समई लावत. फोन असा धरायचा की भिंतीच्या वरचं काही दिसता कामा नये. कॉल संपला की देव परत ट्रंकेवर. यजमान जगन्नाथराव रेल्वेत होते. त्यांच्या आख्ख्या नोकरीत तीन बदल्या झाल्या, देवांच्या वीस दिवसांत वीस! "रागावू नका रे," बाई देवांना म्हणत, "मिस्त्री आला की संपलं."

विसाव्या दिवशी नमस्कार झाला, ईशा पळाली. मकरंद म्हणाला, "आई, गर्मी बहुत है ना तिकडे?"

"आहे रे. आता पाऊस आला की गारवा होईल."

"हो. पण पाऊस सुरू व्हायच्या आधी देव शारदामावशीकडे नेऊन ठेव."

बाईंनी चमकून फोनकडे पाहिलं. मग त्याला कुणीतरी हाक मारली, निदान तो तसं म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बाई तशाच शारदाबाईंकडे गेल्या. पायरीवर बसून विचारलं, "तू सांगितलंस?"

शारदाबाईंनी मान खाली घातली. "पहिल्याच संध्याकाळी, भानू. मला राहवलं नाही. रडला तो फोनवर. मला वाटलं, मिळेल त्या गाडीने येईल."

"मग?"

"तुला सांगू नका म्हणाला. म्हणाला, मला माहीत आहे हे आईला कळलं, तर मला यावं लागेल."

शारदाबाईंनी पाणी पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही. तो येईल या धास्तीने त्यांनी वीस दिवस काढले होते. आता त्यांना कळून चुकलं, तो नुसता दारात येऊन उभा राहिला असता, तर त्या हातातलं सगळं टाकून त्याच्या मागे पुण्यालासुद्धा गेल्या असत्या. घर राखायचं म्हणत होत्या, पण मनातून वाटच पाहत होत्या. इतकं एकटं त्यांना जगन्नाथराव गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देव ट्रंकेवरून हलवले नाहीत. सातला फोन वाजला तेव्हा त्या माजघरात विटांवर स्टूल ठेवून बसल्या होत्या. फोन त्यांनी मुद्दाम उंच धरला. मागे झुकलेली भिंत, वर सगळं आभाळ.

मकरंदने ते नीट पाहिलं.

"आई, तुझं चित्र दिसत नाहीये," तो म्हणाला, "आवाज येतोय ना?"

"येतोय," त्या म्हणाल्या.