चहाबद्दल थँक यू

ते प्रकरण आठवलं की मला आधी आठवतो तो चहा, आणि मग कायदा.

शिकागोच्या पश्चिमेला जिथे आपली मंडळी घरं घेऊन स्थायिक झाली, तिथल्या पोलीस खात्यात मी नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं डिटेक्टिव्ह होतो. सगळ्यांची मुलं सॉफ्टवेअरमध्ये आणि मी गणवेशात, म्हणून साताऱ्यात कोणी विचारलं की आई "सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायची. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे देशी आडनाव दिसलं की फाईल थेट माझ्या टेबलावर यायची.

दोन हजार पाचच्या सुमाराचा हिवाळा असेल. एका बाईंचा निनावी फोन आला. आमच्या भागातल्या एका मराठी जोडप्याचा घटस्फोट झालाय, तरीही ती बायको पूर्वीच्या नवऱ्याच्या कंपनीच्या हेल्थ आणि डेंटल इन्शुरन्सवर बायको म्हणून ऑपरेशन करून घेणार आहे, अशी खबर होती. अशी बातमी सांगायला लोक मैत्रिणीला फोन करतात, यांनी पोलिसांना केला. मला त्यांचा रागच आला. पण तक्रार नोंदवली गेली की चौकशी करावीच लागते.

दार त्यानेच उघडलं. नाशिकचा, चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर. ती घरी गाण्याचे क्लास घ्यायची, म्हणजे स्वतःच्या नोकरीचा इन्शुरन्स नाही. तिचा उजवा गाल सुजला होता. डेंटिस्टला जबड्यात गाठ सापडली होती आणि ती लवकरच काढून तपासायची होती. दोघांनीही ठामपणे सांगितलं, "आम्ही हजबंड-वाइफच आहोत." भिंतीवर लग्नाचा फोटो, दाराशी दोघांचे बर्फाचे बूट. मी उठायच्याच बेतात होतो. तेवढ्यात त्याने चहा आणला आणि एक कप तिच्या हातात दिला.

ती म्हणाली, "थँक यू."

तो म्हणाला, "यू आर वेलकम."

मी बसूनच राहिलो. नोकरीत मी पुष्कळ मराठी घरांत गेलो, काही ठिकाणी भांडी उडत असताना. मुरलेल्या संसारातली मराठी बाई नवऱ्याला चहाबद्दल थँक यू म्हणत नाही. ती साखर कमी आहे म्हणते. एवढं सौजन्य आपण पाहुण्यांसाठी राखून ठेवतो.

चौकशीत जोडीला आधी वेगळं करायचं असतं. गाडी बघतो म्हणून मी त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि विचारलं, "बेसमेंटमध्ये कधीपासून झोपता?"

तो गाडीला टेकला. "साहेब, आम्ही चीट नाही करत हो. म्हणजे करतोय, पण फक्त सर्जरी होईपर्यंत! कोर्टाची ऑर्डर गेल्या महिन्यातच आली. आता तिला नवीन इन्शुरन्स कोण देणार? गाठ आधीची आहे म्हटल्यावर सगळे नाही म्हणतात."

"कंपनीत विचारलंत?"

"एचआरला डिव्होर्स सांगू? शेजारच्या क्यूबिकलमध्ये दोन मराठी बसतात. शनिवारी महाराष्ट्र मंडळात न्यूज, रविवारी नाशिकला आईकडे!"

स्वयंपाकघरात ती ओट्याला धरून उभी होती. "त्याला अटक करू नका, दादा. आयडिया माझी होती. मला फक्त ती गाठ बाहेर काढायचीय. मला फार भीती वाटतेय हो." मलाही भरून आलं. गाठ वाट बघणार नव्हती, आणि बायको म्हणून त्याच्या इन्शुरन्सवर ऑपरेशन झालं असतं तर दोघंही अडकली असती. घटस्फोटानंतर विमा कंपनीकडे एकही बिल गेलं नव्हतं, म्हणजे गुन्हा अजून घडायचा होता.

ठाण्यात माझ्या समोरच्या टेबलावरचा सहकारी दोनदा घटस्फोटित. आमच्या खात्यात घटस्फोटांना तोटा नसतो. नावं न सांगता मी त्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. त्याची पहिली बायको अशीच त्याच्या विम्यावर राहिली होती. घटस्फोटित जोडीदाराला त्याच कंपनीच्या योजनेत तीन वर्षांपर्यंत राहता येतं, हेल्थ आणि डेंटल दोन्हींत, आधीचा आजार असला तरी. पूर्ण हप्ता स्वतः भरायचा आणि घटस्फोट झाल्यापासून साठ दिवसांच्या आत कंपनीला कळवायचं, एवढीच अट. यांची मुदत अजून संपली नव्हती. मी तसाच फोन उचलला.

"उद्या सकाळी एचआरकडे जा," मी इंजिनिअरला म्हणालो, "आणि तो शब्द मोठ्याने उच्चारा."

तो गेला. एचआरच्या बाईंनी मानही वर न करता काय काय करायचं ते सांगितलं. घरी हप्त्याचा आकडा ऐकून ती त्याला चार शब्द बोललीच, पण ऑपरेशनची तारीख टळली नाही. मी 'गुन्हा आढळला नाही' असा शेरा मारून फाईल बंद केली.

गाठ साधी निघाली. त्याचा फोन आला तेव्हा मला हुश्श झालं, जणू माझ्याच घरातलं कोणी सुटलं. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो, तर कॉरिडॉरमध्येच आवाज ऐकू आला. त्याने ज्यूसबरोबर स्ट्रॉ आणला होता आणि ती बँडेजमधून त्याला झापत होती. "डॉक्टर स्ट्रॉ नको म्हणाले ना! एक गोष्ट धड ऐकशील तर शपथ!"

घाबरलेली माणसं स्वतःच्या हक्काची गोष्टसुद्धा चोरायला निघतात, हे मला या प्रकरणात कळलं. कायद्याने त्यांच्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं. एक शब्द उच्चारायची लाज वाटली, म्हणून दोघं खिडकीतून शिरत होती.

मला दारात बघून ती ओशाळली आणि गाल सांभाळत हसली.

"खोटं संपलं ना, दादा," ती म्हणाली. "आता भांडायला मोकळी झाले."