सुलतानानं परत केलेली सही

पौडच्या मोहिद्दीनभाई कापडवाल्यांची लेक सुलताना हिंजवडीच्या एका दवाखान्यात ऑपरेशनचे फॉर्म भरून घ्यायला बसती. तिचा त्या दिवशी मला असा राग आला व्हता म्हणून सांगू, टेबलावर मूठच आपटली मी!

आमी कासार आंबोलीचे. शुगरनं आईचा, सारजाबाईचा, डावा पाय सडत आला व्हता. डॉक्टर म्हणले, घोट्याच्या वरनं काढावा लागंल, न्हाईतर विष अंगभर पसरंल. आईला मी सांगितलं, नुसती जखम साफ करायचीय. आमच्याकडं असंच हाय. म्हाताऱ्या माणसाला खरं कुणी सांगत न्हाई, पोरगा सही करून मोकळा होतो.

तशीच मी सही ठोकली अन् फॉर्म पुढं सारला. सुलतानानं तो उलटा माझ्याकडं ढकलला.

"शेखरभाऊ, आजी शुद्धीवर हायेत ना? मग सही त्यांची."

"मी पोरगा हाय तिचा!"

"असाल. पाय त्यांचा हाय."

"ती धसका घेईल. उगं डोकं खाऊ नका, सायबाला बोलवा."

"बोलवा की. साहेब हो म्हणले तरी मी हा फॉर्म घेणार न्हाई."

मग तिनं फॉर्मवरच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. कन्सेंट.

"पहिल्या दिवशी मला सांगितलं, कन्सेंट घेत जा. म्हणलं, आपण लोकांकडनं घेतोय तरी काय? घरी जाऊन डिक्शनरी काढली. मूळ लॅटिन, फ्रेंचमधनं इंग्रजीत आलाय. 'कॉन' म्हणजे संगं, 'सेंतिरे' म्हणजे वाटणं, जाणवणं. डॉक्टरला वाटतंय तेच पेशंटलाबी वाटलं, तर ती कन्सेंट. आजींना कायच ठाऊक न्हाई, मग त्यांना वाटणार काय, कप्पाळ?"

खरं सांगतो, भ्यालेलो मीच व्हतो. आईला हे तोंडानं सांगायचं माझ्यात बळ नव्हतं.

सुलताना उठली अन् डॉक्टरांना घेऊन आईच्या खाटेपाशी गेली. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. आईनं पायाकडं बघितलं.

"न्हाई काढला तर?"

"जीव जाईल, आजी," डॉक्टर म्हणले.

"अन् काढल्यावर चालता येईल?"

"नकली पाय बसवता येतो. शिकावं लागंल."

"शिकंन," आई म्हणली. मग माझ्याकडं वळली. "मुडद्या, माझा पाय मला न सांगता नेणार व्हतास?"

मला रडू फुटलं. भर वॉर्डात, लाजबिज काय न्हाई.

आईनं फॉर्म मागितला. चौथी शिकलीय ती. एकेक अक्षर दाबून सही केली, अन् पेन ठेवून म्हणली, "आता उठीव मला. ह्या पायानं खिडकीपातूर जायचंय."

डॉक्टरांनी मान डोलावली. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं सुलतानानं. डावा पाय टेकला की आईचं तोंड पिळवटायचं, पण ती थांबली न्हाई. अकरा पावलं चालली. मी मोजली.