मागची सीट

सांगलीत गाड्या महिनेवारी भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या आवारात अर्जुनानं गाडी उभी केली. तीन वर्षांचा करार आज संपत होता. अर्जुना फौजेत बावीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस. हातातल्या एकाही गाडीवर कधी ओरखडा आला नाही, एवढीच काय ती त्याची बढाई. ही गाडीही बिनडाग परत जावी म्हणून पाटणहून निघण्याआधी त्यानं टायरच्या खाचांतले खडेसुद्धा वेचून काढले होते.

तपासणीला सुमैरा होती. पस्तिशीची, बोलायला चटपटीत. तिनं दारं, बंपर, काचा बोटानं चाचपल्या.

"आवं काका, गाडी चालवली का नुसती पुसली?"

"फौजेची शिस्त हाय, बाई."

"आमच्या घरवाल्याला पाठवू का तुमच्याकडं? मोटरसायकल बघा त्याची. म्हैस बरी दिसंल!"

अर्जुना मोठ्यानं हसला. घरात एकट्याला हसायला कारण तरी कुठं होतं!

मग तिनं मागचं दार उघडलं. सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. तिनं ते ओढलं आणि नाकाला ओढणी लावली. खाली हिरवीकाळी बुरशी पसरलेली.

"तीन वर्षं काढलंच न्हाई?"

"खराब हुईल म्हनून."

"पाटणचा पावसाळा, काका! ओल आत कोंडली. सीट बदलावी लागंल. त्याचे पैसे लागतील."

अर्जुना त्या डागांकडं बघत राहिला. गाडी घ्यायला पुण्याच्या पोरानं, शंभूराजनं लावली होती. "आबा, दारात गाडी असू द्या. आम्ही दर महिन्याला येऊ, कोयनेला जाऊ." तीन वर्षांत फोन तेवढे आले.

सुमैरानं हापिसाकडं बघून आवाज खाली आणला. "पोरांनी पानी सांडलं आसंल, तर मी नेहमीच्या वापरात धरते. मग दंड न्हाई. नातवंडं बसत व्हती ना?"

"व्हय की," अर्जुना म्हणाला. "राजेश्वरी खिडकीपाशीच बसायची. प्लास्टिकवरच. घाटात मळमळू नये म्हनून लिंबू चोखायची. पान्याची बाटली तिच्याच हातात. लय दांडगी! गप बस म्हनलं तर गानं म्हनायची."

किती सहज येत होतं सगळं. तीन वर्षं त्यानं दुसरं मनात आणलंच कुठं होतं?

सुमैरा लिहिता लिहिता म्हणाली, "गोड हाय. किती वर्षांची?"

अर्जुना थांबला. आठ? का नऊ? शेवटची पाहिली तेव्हा पुढचे दोन दात पडले होते तिचे.

"खोडा ते," तो म्हणाला.

"आवं, का?"

"ती गाडीत बसलीच न्हाई कवा. न आलेल्या पोरीवर डाग कशाला लावायचा?"

"तिचं नाव न्हाई लिहीत, काका. नुसतं 'लहान मुलं'."

"तरीबी खोडा. सीट मीच झाकून ठेवली, मीच नासवली. तसं लिवा."

सुमैरानं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग तिनं ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मागची सीट न वापरल्याने खराब.' कागद पुढं केला. अर्जुनानं ताठ अक्षरात सही केली, खाली हवालदार असा हुद्दाही घातला. किल्ली दिली. आता जायचं तेवढं राहिलं होतं, पण तो तिथंच उभा.

"बाई," त्यानं विचारलं, "तुमाला पोरं किती?"