तत्त्वरावांची सही

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही माहेरची माणसं पाठीमागे 'तत्त्वराव' म्हणतो. समोर अर्थात 'भावोजी'. हे नाव त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी पडलं. आमच्याकडे जेवायला आले असताना त्यांनी वडिलांच्या नव्या कॉम्प्युटरवरचं सगळं विकतचं सॉफ्टवेअर कुणाला न विचारता काढून टाकलं आणि त्या जागी खुलं, मोफत, स्वतंत्र असं काहीतरी घातलं. पुढचे तीन महिने वडिलांना एक पत्र छापता आलं नाही.

"पण आता तुम्ही स्वतंत्र आहात," तत्त्वराव म्हणाले होते.

"असेन बाबा," वडील म्हणाले, "पण पत्र टपालात टाकायचंय."

खुलं सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे तत्त्वरावांनी मला निदान चाळीस वेळा समजावलं आहे, तेव्हा तुम्हाला एकदा सांगायला माझी हरकत नाही. लिहिणारा माणूस आपला प्रोग्राम कुलपात ठेवून विकत नाही, आतली प्रत्येक ओळ जगापुढे मांडतो. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वापरावा. अशा पुष्कळ परवान्यांच्या, म्हणजे वापराच्या करारांच्या, अटी दोन असतात. मूळ लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं नाही, आणि बदल करून पुढे दिलात तर तोही असाच उघड द्यायचा. या दोन अटींवर तत्त्वराव दोन तास बोलू शकतात. मध्ये पाणीसुद्धा पीत नाहीत.

नोकरी मात्र ते कुलपाच्या कंपनीत करतात. दवाखान्यांना लागणारी लहानमोठी यंत्रं ही कंपनी बनवते, आणि यंत्रातल्या प्रत्येक प्रोग्रामवर शेवटची सही तत्त्वरावांची लागते. सहीच्या वर छापलेलंच असतं, 'यातली प्रत्येक ओळ आमच्या माणसांनी लिहिली असून मी ती तपासली आहे.' घरी एक आणि कचेरीत एक, हे कसं काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"ताई, व्यवस्था आतून बदलायची असते," ते म्हणाले.

एकोणीस वर्षं ते आत आहेत. व्यवस्थेला अजून पत्ता लागलेला नाही.

धाकटी लहान मुलांच्या दवाखान्यात औषधांचा साठा सांभाळते. साठ्यातला सगळ्यात नाजूक माल म्हणजे लसी. फ्रिजमध्ये ठराविक थंडाव्यात त्या राहिल्या तर ठीक. गरम होऊन पुन्हा थंड झाल्या तर दिसायला जशाच्या तशा दिसतात, फक्त उपयोगाच्या राहत नाहीत. नात्यातल्या काही माणसांसारखं. दिवसातून दोनदा तापमान बघून वहीत लिहायचं, ही तिथली पद्धत. एकदा कुणीतरी संध्याकाळी जाताना दार किलकिलं ठेवून गेलं आणि सकाळी अख्खा कप्पा फेकावा लागला. त्यावर धाकटीने कुणावर आरडाओरडा केला नाही. ती घरी येऊन जेवणाच्या टेबलावर प्रोग्राम लिहायला शिकू लागली.

दोन वर्षं लागली तिला. फ्रिजमध्ये सोडलेला तापमापकाचा काटा दर दहा मिनिटांनी तापमान सांगणार, प्रोग्राम ते लिहून ठेवणार आणि बिघाड दिसला की बोंब मारणार. पुरा झाल्यावर तिने तो मोठ्या हौसेने नवऱ्याला दाखवायला घेतला.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं होतं.

"विचारलंन, हा कोणत्या परवान्याखाली देणार? मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. मग परवान्याचे चार प्रकार समजावले."

"आणि प्रोग्राम?"

"तेवढ्यात आईंनी पानं घेतली."

तिने आपल्या बुद्धीने त्यातल्या त्यात सोपा, त्याच दोन अटींचा परवाना निवडला, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आपलं नाव घातलं आणि सगळं इंटरनेटवर आपल्या पानावर उघडं ठेवून दिलं. हळूहळू दुसरे दवाखाने तो वापरू लागले. मग कुठल्याशा दूरच्या गावातल्या एका परिचारिकेने चूक कळवली. वीज जाऊन परत आली की प्रोग्राम नुकता जन्मल्यासारखा सुरू होई. मध्ये दोन तास गेले की दहा, हे त्याच्या गावीही नसे. फ्रिज पुन्हा थंड झालेला दिसला की तो खुशाल 'सर्व ठीक' म्हणे. धाकटीने दोन दिवसांत चूक दुरुस्त केली आणि पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'जुनी प्रत धोक्याची आहे. आजच बदला.'

यातलं तत्त्वरावांना काहीही माहीत नव्हतं. ते त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून पारदर्शकतेवर भाषण तयार करत होते.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. तत्त्वराव कचेरीतून आणलेली एक डब्याएवढी पांढरी पेटी फ्रिजला चिकटवत होते.

"बघाच ताई. आमच्या खात्याची नवी वस्तू. लसींची राखण करते. त्रेसष्ट दवाखान्यांत बसली, पुढच्या महिन्यात तीनशे. शनिवारी कॉलेजात माझं भाषण आहे, 'तंत्रज्ञाची नीतिमत्ता'. तिथे उदाहरण म्हणून नेणार आहे."

धाकटीच्या सासूबाईंनी दही काढायला फ्रिज उघडला आणि वाटी शोधत तशाच उभ्या राहिल्या. पेटी तीनदा कुरकुरली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'दार नीट लावा. पुन्हा सांगणार नाही.'

"अगंबाई!" सासूबाईंनी दार धाडकन लावलं. "ही तर आमच्या सूनबाईसारखी बोलते!"

आम्ही सगळे हसलो. तत्त्वराव तर खूश झाले. "ऐकलंत? किती घरगुती भाषा! आमच्या माणसांनी वापरणाऱ्याचा केवढा विचार केलाय."

धाकटी हसली नाही. तिने पळी खाली ठेवली, पेटीचा फ्रिजमध्ये सोडलेला काटा उपटला आणि मुठीत धरला. पडदा म्हणाला, 'तापमान वाढतंय. हातातलं काम ठेवा आणि इकडे या.'

"हेही हिचंच," सासूबाई म्हणाल्या. आता त्याही हसत नव्हत्या.

धाकटीने काटा जागेवर ठेवला, पेटीची पिन भिंतीतून काढली आणि म्हणाली, "बसा. जेवून घेऊ." वीस मिनिटं आम्ही जेवलो. तत्त्वराव एकटे बोलत होते. मग तिने उठून पिन परत खोचली. पडदा लुकलुकला आणि म्हणाला, 'सर्व ठीक.'

"अहो," धाकटी म्हणाली.

ती एरवी नवऱ्याला अरेतुरे करते. 'अहो' आलं की घरातली मांजरंसुद्धा कपाटावर चढतात.

"अहो, हा प्रोग्राम माझा आहे. आणि ही जुनी प्रत आहे."

तत्त्वराव आधी हसले. मग म्हणाले, प्रेरणा घेतली असेल. मग धाकटीने लॅपटॉप आणून ताटाशेजारी उघडला. दार, हात, इकडे या, सगळी वाक्यं शब्दन्‌शब्द तिथे होती. त्यांच्या हाताखालच्या कुणीतरी एकेचाळीस फाइलींच्या डोक्यावरून तिचं नाव साफ खरवडून काढलं होतं. पडद्यावर उमटणारी वाक्यं तेवढी राहून गेली. ती वाचायचं कुणाला सुचलं नव्हतं. तपासणाऱ्यालाही नाही.

"पण तू तर ते खुलंच ठेवलं होतंस ना?" तत्त्वराव सावरून बसले. "मग चोरी कसली? तत्त्वतः बघायला गेलं तर—"

"भावोजी, अटी दोन होत्या," मी म्हटलं. "चाळीस वेळा सांगितल्यात."

"चोरीचं मरू दे," धाकटी म्हणाली. "त्रेसष्ट ठिकाणी वीज जात असेल आणि येत असेल. तुमची पेटी 'सर्व ठीक' म्हणत असेल. आणि तिथली माणसं तिच्या भरवशावर पोरांना टोचत असतील."

"मी बघतो. आठवड्याभरात माणसं पाठवून नवी प्रत टाकून घेऊ. नियमित देखभाल म्हणायचं. कुणाला कळणारही नाही."

"आणि ज्या लसी आधीच गरम होऊन गेल्या त्या?"

तत्त्वराव पाणी प्यायले.

"त्यांना सांगावं लागेल. वीज कधी कधी गेली ते शोधा, त्या दिवशीचा साठा बाजूला काढा. हे लवकरात लवकर कळायला हवं."

"सांगितलं की ते विचारणार, चूक कशी सापडली. मग प्रोग्राम आला कुठून. मग सही कोणाची."

"कोणाची आहे?"

तत्त्वरावांनी भाजीकडे पाहिलं. भाजीने काही सुचवलं नाही.

"अरे, पण सही करताना तू वाचलं नव्हतंस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, एकेचाळीस फाइली असतात."

"मग 'तपासली' असं कशाला लिहिलंस?"

ही बाई शाळेत सातवीपर्यंत गेलेली. परवान्याचे चार प्रकार तिला कुणी समजावलेले नव्हते, म्हणूनच बहुधा तिला हा प्रश्न पडला.

पेटीसोबत कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. आमच्यावर विश्वास टाकणारे दवाखाने म्हणून त्रेसष्ट नावं त्यात फोननंबरांसह अभिमानाने छापली होती. धाकटीने ते घडी घालून पर्समध्ये टाकलं.

"आज रविवार, सगळीकडे कुलूप आहे. उद्या तुम्ही वर बोला. परवा दुपारी मी साठ्याच्या खोलीत बसून फोन करायला घेणार. आधी पत्र निघालं तर ते तुमच्या नावाने निघेल. नाहीतर माझ्या."

सोमवारी तत्त्वराव साहेबांशी बोलले. संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. साहेबांनी बैठक बोलावली, बैठकीत वकील होते, आणि 'चूक' हा शब्द वापरायचा नाही असं एकमताने ठरलं. 'सुधारणेला वाव' चालेल. त्यावरही पुढच्या सोमवारी पुन्हा बसणार.

"ताई, तुम्ही तिला समजवा. प्रक्रिया सुरू झाली आहे. ती म्हणते तसं केलं तर माझी नोकरी जाईल."

"जाईल का?"

"निदान ही खुर्ची जाईल. सही करायची."

मी काय समजावणार? तिच्या जागी मी असते तर रविवारीच ताट आपटलं असतं. मी एवढंच म्हटलं, "भावोजी, एकोणीस वर्षं झाली. आता आतून काहीतरी होऊ द्या की."

त्यांनी फोन ठेवला. मला जरा वाईट वाटलं. फार नाही.

मंगळवारी दुपारी मी धाकटीच्या दवाखान्यात गेले, निम्मे फोन मी करते म्हणून कबूल केलं होतं. साठ्याची खोली म्हणजे दोन खुर्च्या, तीन फ्रिज आणि छतापर्यंत खोकी. धाकटी माहितीपत्रक पुढ्यात घेऊन बसली होती. ती पहिला नंबर फिरवणार तेवढ्यात दारात तत्त्वराव. अंगावर कचेरीचे कपडे, बगलेत लॅपटॉप. त्यांना या खोलीत मी कधी पाहिलं नव्हतं. धाकटीच्या चेहऱ्यावरून तिनेही पाहिलं नसावं.

"पत्र आणलंय," ते म्हणाले. "त्रेसष्ट जणांना. कंपनीला विचारलेलं नाही."

पत्र चार पानी होतं. पहिल्या पानावर ज्ञानाचं स्वातंत्र्य, दुसऱ्यावर समाज आणि तंत्रज्ञ यांच्यातला करार. शनिवारचं भाषणच त्यांनी फक्त 'सप्रेम नमस्कार' लिहून पत्रात बसवलं होतं, हे मला लगेच ओळखू आलं. पेटीचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या तळाशी होता.

धाकटीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि खोडायला लागली. तत्त्वराव प्रत्येक परिच्छेद जाताना नुसतं "अगं" म्हणत होते. शेवटी सहा ओळी उरल्या. पेटीत चूक आहे. वीज जाऊन आल्यावर ती खोटं 'सर्व ठीक' सांगते. वीज गेलेल्या तारखा शोधा, त्या लसी वापरू नका. प्रोग्राम आमचा नाही, आम्ही मूळ लेखिकेचं नाव काढून टाकलं होतं. दुरुस्त प्रत इथे मिळेल. मी न तपासता सही केली होती.

"शेवटची ओळ लागेलच?" तत्त्वरावांनी विचारलं.

"तुझं पत्र आहे. तू ठरव."

'तू' झालं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी ओळ ठेवली. मग मूळ लेखिकेपाशी येऊन थांबले.

"नाव कोणतं घालू? माहेरचं की...?"

"फाइलींवर होतं ते."

"काय होतं?"

धाकटीने लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. तत्त्वरावांना तिचं पान उघडावं लागलं. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर त्यांनी बायकोचा प्रोग्राम पहिल्यांदा पाहिला, औषधांच्या खोक्यावर बसून. नाव सापडलं तरी ते लगेच परतले नाहीत. खाली खाली वाचत गेले. एका ठिकाणी त्यांच्या भुवया वर गेल्या आणि ते काहीतरी विचारणार होते.

"आधी पत्र," धाकटी म्हणाली.

पत्र गेलं.

तिने माहितीपत्रक मधोमध फाडून अर्धं त्यांच्या हातात दिलं. पत्र कोण कधी वाचेल सांगता येत नाही, म्हणून फोन करायचेच होते. मला काही कामच उरलं नाही. तत्त्वरावांनी पहिला फोन अकरा मिनिटं केला. सुरुवात 'आजच्या युगात' अशी होती. धाकटीने मधेच हात टाकून तो बंद केला.

"लस, वीज, तारीख. बस्स."

दुसरा चार मिनिटांत आटोपला. तिसऱ्यात त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पेटी सांगितली आणि म्हणाले, "चूक आमची आहे. गेल्या महिन्याभरात तुमच्याकडे वीज गेली होती का?"

पलीकडची बाई म्हणाली, "थांबा हं, बघते." फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला, मग वहीची पानं उलटल्याचा. खूप पानं होती. तत्त्वराव फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत बसले.