कुरणाची कड

आमच्या गावात आता कोणी जंगल वाचवायची गोष्ट काढली का माह्या डोस्क्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, बुढा चिडका झाला. हाव, झालो. जिंदगीभर गुरं राखली, गवत राखलं, अन् म्हातारपणी कोठ्यातले रिकामे खुंटे पाहून चिडू नाई त काय भजन म्हणू?

आमचं गाव कुरखेड्याच्या अलीकडे, जंगलाच्या काठाले. धानाच्या बांद्या, एक तलाव, अन् तलावाच्या वरच्या अंगाले गावचं कुरण. कुरण गावाचं, पण राखण आमच्या घराची, माह्या आज्यापासून. गावात सगळ्यायपेक्षा जास्त गुरं आमची. त्यात बाकीच्यायची मिसळली का सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या जागेवर, पाय ठेवाले जागा राहे नाई. उन्हाळ्यात साऱ्या रानात निस्ती कोरडी पानं. तवा या कळपाले जगवणारं हे एकच कुरण होतं. ते गेलं म्हणजे गुरं गेली, एवढी सरळ गोष्ट आहे.

राखायची एक रीत होती. पाऊस लागला का कुरण बंद. कोणाचीच गाय आत नाई, आमची बी नाई. एकदा माह्या सख्ख्या मामाचा बैल आत सापडला. बापानं मामाले आखरावर सगळ्यायच्या देखत असा तोंडानं झोडला का मामा पोळ्याले आमच्या घरी जेवाले आला नाई. माय रडली. बाप म्हणे, रड, पण बैल आत गेला त गेला.

मंग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गायगोधन. आखरावर शेणाचा ढीग घालायचा, त्याच्यावर झेंडूची फुलं, धानाच्या लोंब्या. शिंगं रंगवलेल्या गायी त्या ढिगावरून न्यायच्या. गायी गेल्या का ते शेण लोक कपायाले लावत. पण गायी तिथं थांबत नोत्या. शेणानं भरलेल्या पायायनं तशाच सरळ कुरणाकडे. अन् कुरणातबी आत नाई, फक्त कडेले. चारही बाजूनं बैलबंडी आरामात जाईन एवढा रुंद पट्टा, तेवढाच होळीपर्यंत कळपानं खायाचा. खाऊन खाऊन जमीन उघडी पडली पायजे. याले आमी कड चारणं म्हणो. आतलं गवत उभं राहे, ते होळीनंतरचं.

काऊन असं? चैतात बाया मोहफुलं वेचाले जातात. झाडाखाली पानाचा थर असला त फुल दिसत नाई, म्हणून पानं जाळतात. माही माय जाळे, माही बायकोबी जाळे. ती आग कधी वाऱ्यानं सुटे, रानातून सरपटत कुरणापाशी ये, अन् उघड्या कडेवर येऊन मरून जाये. खायालेच काई नसे तिले. ही काई माह्या एकट्याची अक्कल नोती. गावात ज्याले ज्याले तोंड होतं त्याले हे माहीत होतं. अन् माहा राग इथूनच सुरू होते.

गावात पहिला एसटीडीचा डब्बा लागला, त्या सुमाराची गोष्ट. जंगल खात्याची एक योजना आली. गावानं समिती करायची, कुरणात चराई बंद करायची, रोपं लावायची, राखायची. राखणाऱ्या गावाले सामान भेटन. साहेब समाजमंदिरात आला. माणूस चांगला होता. चहा पेला अन् सरळ विचारलं त्यानं, "चराई बंद केली तर गावाचं काही नुकसान होईल का?"

त्याच्यावर माहा राग नाई. तो बाहेरचा माणूस, त्यानं विचारलं. जे खाली मुंडी घालून सतरंजीचे धागे काढत बसले, त्यायच्यावर राग आहे. समितीचा अध्यक्ष कोण? माहा लहान भाऊ. माह्या पाठचा. माह्यासंग त्याच कडेवर गुरं चारून मोठा झालेला. तो उठून म्हणे, "नाई साहेब, काईच नुकसान नाई. उलट जंगल वाढन."

मी ताडकन उभा राह्यलो. म्हटलं, "काऊन खोटं बोलून राह्यला बे? कड कोण चारन? आग काय तुहा बाप थांबवन?"

आमचा बाप एकच, हे रागात ध्यानात राह्यलं नाई. सारे खो खो हासले. साहेबबी हासला. अन् त्या हासण्यात माही गोष्ट वाहून गेली.

सामान काय आलं त ऐका. लग्नाच्या सैपाकाचे मोठे गंज, झारे, पराती, सतरंज्या, एक मंडप. आधी लग्न निघालं का हे आरमोरीवरून भाड्यानं आणा लागे. आता गावचंच झालं. गंजापायी कुरण देलं या लोकायनं! अजूनबी कोणाच्या घरचं जेवण असलं अन् त्या गंजातली भाजी वाढाले आली, का माह्या घशाखाली उतरत नाई.

कुरणाले काटेतार लागली. तलावाकडून फाटक, फाटकाले कुलूप. चावी भावाच्या करदोड्याले.

त्या सालचं गोधन मी मरेपर्यंत भुलणार नाई. गायी शेणावरून गेल्या अन् रोजच्या सवयीनं, म्हणजे आमच्या साऱ्या पिढ्यायच्या सवयीनं, कुरणाकडे निंगाल्या. तारेपाशी येऊन थटल्या. मागून कळपाचा लोंढा, पुढं काटे. एका कालवडीची छाती फाटली. अन् माहा भाऊ काठी घेऊन समोर! माह्या गायीयले त्यानं काठी उगारून वापस फिरवलं. मी त्याले म्हटलं, "आजपासून तू माहा भाऊ नाई." तो म्हणे, "दादा, लोकायसमोर नोको." लोकायसमोर नोको म्हणे! लोकायसमोरच त विकलं त्यानं.

मंग आमी बोललो नाई. दोघायचे दरवाजे समोरासमोर, तरी नाई.

त्या चैतात वारा सुटला नाई म्हणून निभलं. पुढच्या पावसात गवत छातीएवढं आलं. भाऊ पाहुण्यारावळ्यायले नेऊन दाखवे. माह्या बायकोजवळ निरोप पाठवला, दादाले म्हणा एकदा पाहून या, डोळे निवतीन. मी म्हटलं, त्याले म्हणा, चैत येऊ दे. दिवाळी गेली, कड कोणी चारली नाई. होळी गेली. ते गवत वाळून कडकड वाजे, अन् रोपं त्याच्यात कुठी होती ते देवाले माहीत.

चैतातली दुपार होती. वारा सुटला होता. मोहाखालची कोणाची तरी आग निंगाली, कोणाची ते मी कधी विचारलं नाई, विचारून करायचं काय? दर सालची आग ती. फक्त जिथं मरायची तिथं तिले यंदा गंजी मांडून ठेवली होती. आमी ओल्या फांद्या घेऊन धावलो. माणसाच्या वर उठली होती. चारोळीची झाडं गेली, तेंदू गेले. ज्या बेहाड्याच्या झाडाखाली माहा बाप बसून गुरं पाहे, तो बुंध्यातून पेटला अन् आमच्यासमोर उभाच्या उभा कोसळला. भाऊबी होता. त्याच्या भिवया जळाल्या. त्या धुरात मी त्याले अशा शिव्या देल्या का सांगायची सोय नाई. तो निस्ता फांदी हाणत राह्यला. उलटून शिवी देली असती त बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या सालीबी पेटलं, अन् त्याच्याही पुढच्या. उघडी माती पावसानं खाली तलावात गेली. जिथं गवत होतं तिथं रायमुनिया, म्हणजे घाणेरी, उठली. दिसाले गोजिरी, गुलाबी-पिवळ्या बारक्या फुलायची, अन् आत काटे. गुरं तोंड लावत नाई तिले. एकदा घुसली का शेजारी कोणाले उगवू देत नाई. रोपायचं नावनिशाण राह्यलं नाई, राखायले काईच उरलं नोतं. पण कुलूप राह्यलं. योजना संपली नाई म्हणे!

माहा कळप मी बाजारात नेला नाई. गायी सोयऱ्यायच्या गावायले एकेक, दोन-दोन करून हाकलत नेऊन देल्या. दर खेपेले वापस येताना हातात निस्ती काठी राहे. गावातल्या बाकीच्यायनंबी गुरं काढली. शेवटी साऱ्या गावात गाय म्हणावी अशी एकच राह्यली, माही म्हातारी भुरी. ती मी कोणाले देली नाई. घरचं धानाचं तणस खाऊन राहे.

त्या दिवाळीले भाऊ माह्या अंगणात आला. इतक्या सालात पह्यल्यांदा. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणे, "दादा, गोधन घातलं आहे. न्यायले गाय नाई."

मी म्हटलं, "तुह्या गंजाले शेंदूर लाव अन् तो ने शेणावरून."

तो उभाच राह्यला. बायको घरातून म्हणाली, "भांडण माणसायचं आहे, गायीचं नाई. तिचा सण काऊन बुडवता?" मी बायकोवर खेकसलो. मंग शिंगाले गेरू लावला अन् भुरीले आखरावर नेलं. सारं गाव एका गायीसाठी जमलं होतं. लाज कशी वाटली नाई यायले, काय माहीत.

भुरी शेणावरून गेली. मी दावं वढलं, पण तिनं ऐकलं नाई. सुटून निंगाली ते सरळ कुरणाकडे. म्हातारपणी कुठून आणला तेवढा जोर, पण गेली. फाटकापाशी जाऊन उभी राह्यली अन् हंबरली. मी मागं, माह्या मागं भाऊ, त्याच्या मागं गाव.

भावानं करदोड्याची चावी काढली. कुलूप गंजलं होतं, दगडानं ठोकून उघडलं. फाटक लोटलं. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "जा माय, जा. खाय."

मी बोंबललो, "आता काऊन खोलतं? आता काय आहे आत?"

भुरीनं मान आत घातली. रायमुनियाले नाक लावलं. फुस्स करून नाक झटकलं अन् मागं सरली. भाऊ तिले हातानं लोटून राह्यला होता, "जा ना माय, जा ना," अन् रडत होता. मी त्याले उगा राह्य म्हटलं नाई. आजबी म्हणणार नाई.

गाय फिरली, माणसायच्या मधून वाट काढली, अन् आमाले दोघा भावायले उघड्या फाटकापाशी सोडून एकलीच घरी चालली गेली.