देवांची तिन्हीसांज

नवा माणूस भेटला की मालूताई आधी विचारायच्या, "तुम्ही मूळचे कुठले?" यात नवल नाही, आपल्यात सगळेच विचारतात. मालूताई मात्र शब्दांचीही अशीच चौकशी करायच्या. न्यूझीलंडमधल्या लोअर हटला मुलाकडे राहायला आलेल्या या निवृत्त शिक्षिका दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेत. "गाव कळलं की माणूस कळतो, शब्दाचंही तसंच," हे त्यांचं पालुपद.

२०१७च्या हिवाळ्यात वर्गात चारच मुलं उरली. तीही मराठी समजून उत्तरं इंग्रजीतच द्यायची. पालकांनी ठरवलं, वर्ग बंद करू. ताईंना ते सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गेले, तर माझीच लेक इरा त्यांना विचारत होती, "आजी, व्हॉट डझ रॅग्नारॉक मीन?" शाळेत ऐकलेला शब्द.

"मला नाही ठाऊक. पुढच्या रविवारी सांगते." मग माझं बोलणं ऐकून घेतल्यावर ताई म्हणाल्या, "बंद कसा करणार? मी मुलीला शब्द दिलाय." बाई महाबेरकी!

आठवडाभर त्या लायब्ररीत ठाण मांडून बसल्या. रविवारी म्हणाल्या, "हा मूळचा आइसलँडच्या जुन्या पोथ्यांतला. रॅग्ना म्हणजे देवांचं, रॉक म्हणजे प्राक्तन. पुढे लोक त्याला देवांची तिन्हीसांज म्हणू लागले. त्या शेवटच्या लढाईत आपण मरणार, हे देवांना आधीच ठाऊक असतं. तरी ते लढायला जातात."

"देन व्हाय फाइट?" इरा म्हणाली.

"मराठीत विचार."

इरा अडखळली. "मग... लढायचं कशाला?"

"हरणार म्हणून घरी बसायचं? आणि पुढचं ऐक. सगळं बुडाल्यावर समुद्रातून हिरवीगार जमीन पुन्हा वर येते."

त्या संध्याकाळी मी पालकांना फोन करून सांगितलं, वर्ग चालू राहणार.

दोन वर्षांनी ताईंना कर्करोगाने गाठलं. हॉस्पिटलमध्ये मी म्हटलं, "ताई, आता वर्गाचं राहू द्या."

"राहू द्या काय? रविवारी तुम्ही घ्या."

"मला नाही जमायचं."

"मला तरी पहिल्या दिवशी कुठे जमलं होतं?"

शनिवारी ताई गेल्या. मी पोटभर रडले. माझी आई गेल्यावरही इतकी रडले नव्हते. रविवारी हॉल उघडायला गेले, तर मुलं दारातच उभी होती. एका आईने हळूच विचारलं, "आज सुट्टी ना?"

"नाही," मी म्हणाले. "दार लावून घ्या, वर्ग सुरू होतोय."