चौतीस टक्के आणि अनवाणी पाय

"तुम्हाला दमा नाही," लातूरचे डॉक्टर रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाले. "जंत आहेत. पायांच्या कातडीतून आत शिरलेत. चप्पल का घालत नाही तुम्ही?"

"नवस आहे," मी म्हणालो.

नवस नव्हता. जळफळाट होता.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझी आडत आहे. दहावीनंतर पाठीवर पोती वाहिली आणि पुढे गाळा केला. धाकटा भाऊ सुधाकर मात्र शिकला, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात लागला. वडील गेल्यावर आई त्याच्याकडे गेली आणि तिथलीच झाली. मी घर बांधलं, तिच्यासाठी खाली ऐसपैस खोली काढली. वास्तुशांतीला ती आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "निघते रे. सुधाला डबा लागतो."

पन्नाशीच्या माणसाला डबा! त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, आई इथं राहायला येईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही. लोकांना वाटलं, देवीचा नवस. मी वाटू दिलं. दोन पावसाळे मोंढ्याच्या चिखलातून, शेतातून आणि बांधापलीकडच्या घाणीतून तसाच फिरलो.

मग कोरडा खोकला लागला. छातीत शिट्टी वाजायची, पोटात आग पडायची, वजन उतरत गेलं. कमरेखाली खाज सुटायची आणि नागमोडी लाल रेघ उठायची. संध्याकाळपर्यंत ती बोटभर पुढे सरकलेली असायची. उदगीरच्या डॉक्टरांनी दम्याचा संशय घेतला, स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या. पण म्हणाले, "सुरू करायच्या आधी लातूरला एकदा दाखवून या."

लातूरला दम इतका लागला की भरतीच करून घेतलं. पहिली तपासणी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी शरीराचे पहारेकरी. त्यातल्या एका जातीला इओसिनोफिल म्हणतात. ॲलर्जी झाली किंवा अंगात जंत शिरले की या पेशी वाढतात. शंभर पांढऱ्या पेशींत पाच-सहाच्या वर नसाव्यात. माझ्या चौतीस होत्या.

सुधाकर आईला घेऊन आला होता. रिपोर्ट वाचून म्हणाला, "दादा, माझ्या मागच्या तपासणीत दोनच टक्के होत्या." विचारलं होतं का कुणी? म्हणजे रक्तातसुद्धा हा चांगला आणि मी वाईट.

पुढे स्टूल टेस्ट, म्हणजे शौचाची तपासणी. पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही. लॅबच्या कांबळे मॅडमनी पुन्हा डबी हातात दिली, तेव्हा मी भडकलो. "एकदा दिलं की! किती वेळा द्यायचं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "शेठ, एका पोत्यात परखी खुपसून तुम्ही अख्खी गाडी पास करता का?"

परखी म्हणजे पोत्यातून धान्याचा नमुना काढायची टोकदार नळी. मी डबी घेतली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. दोऱ्यासारखी अळी वळवळत होती. स्ट्राँजिलॉइडिस हे तिचं नाव. ओल्या, घाणेरड्या मातीतून ती अनवाणी पायात शिरते आणि फुप्फुसातून आतड्यात जाते. मग अंगातल्या अंगात वर्षानुवर्षं वाढत राहते.

डॉक्टरांनी विचारलं, "त्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का?"

"नाही."

"वाचलात. त्यांनी पहारा ढिला पडतो. मग या अळ्या सगळ्या अंगभर पसरतात. माणूस दगावतो."

तरी घासाघीस करायची सवय जाईना. म्हणालो, "गोळ्या घेतो साहेब. पायांचं तेवढं सोडा. चप्पल सोडून दुसरं काही?"

"बूट."

सोबत आलेली बायको हसली. डॉक्टर हसले नाहीत. "जंत मारणं माझं काम. पण अनवाणी फिरलात तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटू. भेटलात तर."

वॉर्डात बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, देवी कोणती ते तरी सांगा. मीच ओटी भरून नवस सोडवून घेते."

तेव्हा नाइलाजाने खरं सांगितलं. आईने माझ्या भेगाळलेल्या टाचांकडे बघितलं.

"माझ्यापायी? आरं, मग मला 'राहा' म्हनलास कधी?"

"खोली बांधली की तुझ्यासाठी!"

"सुधा म्हनला, 'आई, राहा.' तू म्हनलास, 'खोली बघ, फरशी बघ.' मी काय तुरीचं पोतं हाय का, रुमालाखाली बोटं दाबून भाव कराया?"

आमच्या मोंढ्यात जुने लोक असाच सौदा करायचे. वर रुमाल, खाली बोटांच्या खुणा, तोंडातून शब्द नाही. आधी बोलला तो बुडाला, हेच मी शिकलो होतो. आईशीही तसाच वागलो. ती आधी बोलेल म्हणून वाट पाहत बसलो, आणि तिला ठाऊकच नव्हतं की सौदा चालू आहे.

सुधाकर खाली जाऊन माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आला. त्यातही तोच पुढे! मी पाय मागे घेतले. आईने स्वतःच्या चपला काढून खाटेखाली सारल्या. "मग मी बी अशीच येते उदगीरला."

मी चपला घातल्या. बरोबर मापाच्या होत्या, त्याचाही राग आला.

आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंत मारायचं औषध, डॉक्टरांनी समोर बसवून दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. इओसिनोफिल सात टक्के. छातीतली शिट्टी थांबली होती.

तुम्हालाही खोकला हटत नसेल, रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला दिसत असेल, तर स्टेरॉइड घेण्याआधी डॉक्टरांना जंतांबद्दल विचारा. अनवाणी फिरत असाल तर तेही सांगा. कारण सांगायला लाज वाटली तरी सांगा. माझा जीव उदगीरच्या डॉक्टरांच्या सावधपणाने आणि कांबळे मॅडमच्या तिसऱ्या डबीने वाचला.

आई महिनाभर राहिली. सुधाकरचे रोज तीन-तीन फोन यायचे, "आई कधी येणार?" मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. ती निघायच्या सकाळी तिच्या चपला मी कपाटामागे टाकल्या. ती घरभर शोधत फिरली, मग थकून पायरीवर बसली. खाली ओली माती होती आणि तिचे पाय उघडे.

मी चपला आणून तिच्या पायाशी सरळ ठेवल्या आणि जन्मात पहिल्यांदा आधी बोललो. "आई, राहा."

"दिवाळीला येते," ती चपला घालत म्हणाली. "तवर तुझ्या काढू नको."